शिंग्रोबाच्या वळणावरचं दार

दाजी, मला तुमचा संशय येतो. तेरावा झाला, जेवणं उठली, कुरवंड्याची भावकी आपल्या वाटेनं घरी गेली, तरी येतोच. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेले. तुमच्या रेल्वेच्या शेडातल्या एका जुन्या सोबत्यानं तर ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं, की हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नाही. मी उपरण्यात तोंड लपवलं. त्याला वाटलं, मेव्हण्याला हुंदका आवरेना.

तुम्ही खोटं बोलला नसाल, पण खोटं करायचात. त्याचा पुरावा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. पुरुषभर लांबीची लोखंडी तार, तिच्या एका टोकाला कडी आणि दुसऱ्या टोकाला हातात बरोबर बसेल अशी लाकडी मूठ. मूठ घासून घासून गुळगुळीत केलेली. चोरीचं काम करतानाही तुम्हाला कानस मारल्याशिवाय राहवलं नाही.

ही तार मला तुमच्या घरगाडीत, तुम्ही चालवायला बसायचात त्या जागेखाली सापडली. बघितली आणि मी आधी हसलो. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि माझं हसू गेलं. कारण ही तार कशासाठी होती हे अक्काला कळलं असतं, तर ती जन्मभर स्वतःलाच बोल लावत बसली असती. तेव्हा ती दाखवायची की लपवायची, हा पेच तुम्ही माझ्या गळ्यात टाकून गेलात. बायकोच्या धाकट्या भावाला एवढंही ठेवून गेला नाहीत असं कुणी म्हणायला नको.

आता जरा ऐकून घ्या. "पाव्हणं, चा घ्या," म्हणून विषय बदलायची सोय आता तुम्हाला नाही.

मला पहिला संशय आला तो गाडीचाच. उभ्या आयुष्यात तुम्ही लोकांची इंजिनं घाट चढायच्या लायक करून दिलीत आणि स्वतः लोणावळ्याची वेस ओलांडली नाहीत. अक्काला कुठं नेलंत म्हणाल, तर खंडाळ्याला, तेही कुणाच्या तरी लग्नाला. अशा माणसानं पेन्शनीत निघाल्याबरोबर मोडीत काढलेली लॉरी अंगणात आणून उभी करावी आणि तिच्यावर फळ्यांचं घर बांधायला घ्यावं, हे बघून कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? मी अक्काला गाठून विचारलं, "दाजींना काय झालंय?"

"मी बोलले एकदा," अक्का म्हणाली. "मला मिठागरं बघायचीत म्हणून."

ते मला समजलं. आमचे आबा आंबीहून बैलगाडी घेऊन मीठ आणायला पेणकडे उतरायचे, आणि परत आले की अक्काला मांडीवर घेऊन सांगायचे, तिकडं पांढरं शेत असतं, त्यात नांगर चालत नाही. तिनं ते पन्नाशीपर्यंत मनात ठेवलं होतं.

"मग मोटारीनं जाऊन या की. खोपोलीहून सुटतात."

"तेबी म्हटलं. तर म्हणाले, दुसऱ्याच्या गाडीत बसून काय बघणार तू? बघाया लागली की ते म्हणणार, चला, बसा."

गाडी झाली मात्र झोकदार. दोन बाजूंना दोन बाकं, कोपऱ्यात स्टोची जागा, अक्काच्या बाकापाशी खिडकी, आणि चालवणाऱ्याच्या पाठीमागच्या फळीला लागून एका अंगाला कपाट. त्या कपाटाची दारं तुम्ही सरकती केलीत. लिलावात मिळालेल्या, आगगाडीच्या डब्याच्या जुन्या लाकडी खिडक्या होत्या त्या. खाली एक खाच, वर एक खाच, त्यांतून पुढं-मागं पळणाऱ्या. बिजागरीचं दार का नाही, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "उघडलं की समोर बसणाराच्या गुडघ्यावर बसंल ना पाव्हणं." समोर बसणारा म्हणजे मी. माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी करणाऱ्या माणसानं माझ्या डोक्याची का केली नाही, हे मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला विचारत होतो.

तुम्ही मला बरोबर का नेत होता, हाही एक प्रश्नच होता. बोलपट आले आणि आमची नाटक कंपनी वर्षातून निम्मा काळ बसूनच असायची. कंपनी बसली की मी वळकटी घेऊन तुमच्या दारात उभा. तुम्ही कधी "किती दिवस?" असं विचारलं नाहीत. "समोरचं बाक मोकळं हाय," एवढंच म्हणायचात. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले, ते आता मानतो. पण पहिल्या फेरीआधी तुम्ही मला सहज विचारल्यासारखं विचारलंत, "कंपनीची लॉरी तुमीच चालवता ना?" मी हो म्हटलं. मग निघायच्या सकाळी पुन्हा विचारलंत. घाटात चालवली आहे का, हेही विचारलंत. मला वाटलं, दाजी माझ्याकडून शाबासकीची वाट बघताहेत. मी नटाचा धंदा करणारा. माझ्याकडे कुणी बघितलं की मला शाबासकीच दिसते.

पहिल्या फेरीला सगळंच उघडलं, ते मी धरत नाही. उतारावर दारं पुढं धावली, चढावर मागं धावली, वळणावर कपाटातलं सगळं सामान बाहेर आलं. खोपोलीला पोचेपर्यंत माझ्या मांडीवर अक्काची दोन लुगडी, एक तांब्या आणि पिठाची पिशवी होती. तुम्ही उतरून मागं आलात, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या माझ्याकडे बघून म्हणालात, "अगं, मिठागर हितंच आलं की."

मग सुरू झाला आपला दारांचा वाद. तो कधी संपलाच नाही. तुम्ही खाचेत सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवलीत. दारं खडखडायची थांबली, पळायची थांबली नाहीत. तुम्ही पाचर मारलीत. घाट उतरेपर्यंत ती हादऱ्यानं निसटून माझ्या पायात. कडी-कोयंडा लावला, तर कडी ताणून वाकली. मी म्हणालो, आमच्या कंपनीत पडदे, पेट्या, राजाचं सिंहासन, सगळं सुतळीनं बांधून गावोगाव नेतो. दोन्ही दारांच्या मुठी एकमेकींना बांधा. मी स्वतः बांधल्या, माझी खास गाठ मारून. गाठ जागची हलली नाही, पण मूठ फळीतून उपटून आली. तुम्ही ती मूठ गाठीसकट माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "गाठ झकास हाय. आता दार तेवढं नवीन आणा."

शेवटी तुम्ही आडणा केलात. गावाकडच्या घराला आतून दार लावलं की भिंतीतून आडवं लाकूड ओढतात, तसाच, पण पट्टीएवढा. दार बंद करायचं आणि त्याच्या मागं उरलेल्या खाचेत ही पट्टी टाकायची, म्हणजे दाराला सरकायला जागाच नाही. इतकी साधी गोष्ट, आणि दोघांना सुचायला अर्धा उन्हाळा गेला. त्या दिवशी तुम्ही मला अंगणात उभं करून गाडी लोणावळ्याच्या सगळ्या खाचखळग्यांतून फिरवून आणलीत, आणि परत आल्यावर एका बोटानं दार ढकलून दाखवलंत. ते तसूभर हललं नाही. त्यानंतर निघायच्या वेळी आडणा तुम्हीच टाकायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. मी एकदा लावायला गेलो, तर माझा हात बाजूला केलात.

आणि तरीही दार उघडायचं! जाताना नाही. मिठागरांच्या काठी चार दिवस मुक्काम केला, अक्का पाण्यात पाय सोडून त्या पांढऱ्या वाफ्यांकडे संध्याकाळ होईपर्यंत बघत बसली, तरी नाही. येताना, घाट चढताना, शिंग्रोबाच्या देवळाखालच्या वळणावर. त्याच्याआधी त्याहून वाकडी वळणं होती, तिथं नाही. त्याच एका वळणावर अक्काच्या बाजूचं दार धाडकन मागं जायचं आणि वरच्या फळीवरचा डबा उलटा होऊन माझ्या डोक्यावर यायचा.

पहिल्यांदा डब्यात सुपाऱ्या होत्या.

तुम्ही लगेच देवळापाशी गाडी उभी केलीत. "पाव्हणं, लागलं का?"

"लागलं!"

"मंग वेचा सुपाऱ्या. मी जरा चाकं बघतो."

घाटाची वाट ज्यानं दाखवली त्या धनगराचं ते देऊळ. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते, नारळ फोडते किंवा निदान पैसा टाकते. तुम्ही कधी टाकला नाहीत. "शेडात जलमभर इंजिनं खोलली, एका देवानं पाना उचलून दिला न्हाई," हे तुमचं ठरलेलं वाक्य. आणि असा माणूस दर फेरीला शिंग्रोबाच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून, निवांत बसायचा. चाकं तर तुम्ही बघायचा नाहीतच.

अक्का मात्र हात जोडायची. "त्यानंच उघडलं बघ दार," ती म्हणायची. "तुझे दाजी थांबत न्हाईत ना, म्हणून तो असा थांबवून घेतो." आणि खाली बसून एकेक सुपारी उचलायची, पदराला पुसायची, डब्यात टाकायची. मला तिचाही राग यायचा. झाकण दाबून लावायला काय होतं? दर वेळी डब्याचं झाकण सैलच. आणि दर वर्षी डब्यातला जिन्नस बदललेला. सुपाऱ्यांनंतर एका वर्षी गुंड्या आल्या. मी म्हटलं, प्रवासात गुंड्या कशाला? ती म्हणाली, तुटली तर? या वर्षी मोहरी होती.

"मोहरी? अक्का, डबाभर?"

"फोडणीला लागती."

गाडीच्या फळ्याफळ्यांत, बाकाखाली, माझ्या कोटाच्या खिशात मोहरी. मी केरसुणी शोधायला लागलो, तर अक्का माझ्यावर डाफरली, "खाण्याच्या जिनसाला केरसुणी लावतोस? आईनं हेच शिकवलं व्हय? दाणा दाणा वेच." आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत दाणा दाणा वेचत होतो. बाहेरून तुमचा आवाज आला, "झालं का गं?" अक्का म्हणाली, "थोडीच ऱ्हायली." थोडी कसली? अर्धा डबा रिकामा होता.

त्या दिवशी मी ठरवलं, की या दाराचा छडा लावायचा. विचार केला तसा सगळा डाव मला दिसायला लागला. उतारावर उघडत नाही, चढावरच उघडतं. म्हणजे इंजिन! जुनं इंजिन चढाला तापतं, त्याला धाप लागते, आणि दाजींसारख्या फिटरला ते चारचौघांत कबूल करायची लाज वाटते. म्हणून दार पाडायचं, सामान सांडायचं, गाडी थांबवायची आणि इंजिन थंड करून घ्यायचं. त्या शोधानं मला इतका आनंद झाला, की मी मोहरी तशीच टाकून बाहेर उडी मारली. तुम्ही पायरीवर बसला होता. उजवा हात डाव्या काखेत. मी रंगमंचावर प्रवेश करावा तसा तुमच्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "दाजी, पकडलं! दार आपोआप उघडत नाही. तुमच्या इंजिनाला चढावर दम लागतो, हे सरळ सांगा की!"

तुम्ही वर बघितलंत. तुमचा चेहरा रागानं लाल होईल असं मला वाटलं होतं, तो पांढरा होता. त्याचंही मी असंच काहीतरी कारण लावून टाकलं.

"इंजिनाला कायबी झालेलं न्हाई," तुम्ही म्हणालात.

"मग थांबता कशाला?"

"एक डाव तुमी चालवा," तुम्ही म्हणालात. "चालवा हितनं वर. मंग कळंल."

मी ते तुमचं आव्हान समजलो. छाती पुढं काढून म्हणालो, चालवतो! आणि चालवली. इंजिन कुरकुर न करता खंडाळ्यापर्यंत चढलं. तुम्ही मागं माझ्या बाकावर आडवे झाला होता. मी पुढून ओरडून विचारलं, "काय दाजी, आता बोला!" मी जिंकलो की हरलो हेही मला कळलं नाही. इंजिन चांगलं होतं, म्हणजे माझा तर्क चुकला. पण दार तर तुम्हीच पाडत होता, हे तुम्ही नाकारलंही नव्हतं. हा वाद आपण पुढच्या फेरीला पुरा करायचा होता. पुढची फेरी आलीच नाही. एके दिवशी दुपारचं जेवून तुम्ही ओट्यावर आरामखुर्चीत बसलात, आणि अक्का ताटं घासून बाहेर आली तेव्हा तिला एकटीला बसायला लागलं.

डॉक्टर आले तेव्हा ते मला परसात घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "मी यांना सांगितलं होतं, छातीला ताण नको, घाटात गाडी तर नकोच. हे मला म्हणाले, मधे थांबून गेलं तर चालंल का? मी म्हटलं, थांबून जात असाल तर तुमचं तुम्ही बघा. आणि यांनीच मला बजावलं, की घरात बोलायचं नाही."

"कधी सांगितलंत हे?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

दाजी, त्या परसात उभा राहून मी काय काय आठवलं ते तुम्हाला सांगत नाही. कंपनीची लॉरी तुमीच चालवता ना? तो प्रश्न आठवला, एवढंच सांगतो. तुम्ही शाबासकीची वाट बघत नव्हता. तुम्ही मला तुमच्या जागेवर नेमत होता, आणि मी समोरच्या बाकावर बसून तुमच्या इंजिनाची कुचेष्टा करत होतो.

मग मी गाडीत जाऊन शोधलं आणि तार सापडली. तुमच्या बसायच्या जागेखालून निघालेली, फळीतल्या भोकातून कपाटात शिरलेली, आणि तिची कडी आडण्याच्या टोकाला अडकवलेली. मूठ ओढली की पट्टीचं टोक खाचेतून वर उचललं जायचं आणि चढावर दार आपल्याच वजनानं मागं धावायचं. छातीत कळ आली की ओढायचं, सामान सांडायचं, आणि बायकोला कळू न देता बसायचं. त्या आधीच्या चढावर कळ आली तर तुम्ही ती गिळत होता, कारण गाडी उभी करण्याजोगी जागा शिंग्रोबापाशीच होती, हेही मला कळलं.

पण एक गोष्ट मला पटेना. तारेला तेल लावलेलं होतं. नुसतं लावलेलं नाही, भोकाजवळ चांगलं मुरवलेलं. मी बोट लावून वास घेतला. खोबरेल! जन्मभर ग्रीसमध्ये हात घातलेला फिटर तारेला खोबरेल लावेल? हा नवा संशय मी कुठं ठेवावा ते मला कळेना, म्हणून तार काढून घेतली, गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि भोकात चिंधी कोंबली. अक्काला कळू द्यायचं नाही, असं ठरवलं. मिठागरांच्या हौसेपायी नवऱ्यानं छाती झिजवली, हे ओझं कुणी कुणाच्या डोक्यावर ठेवू नये.

तेराव्यानंतर अक्का म्हणाली, "दत्तू, एकदा पेणला जाऊन येऊ. गाडी मग त्यांच्या पुतण्याला द्यायची. कुरवंड्याला रानात राखणीला खोपी म्हणून ठेवील."

"पेट्रोल कुपनावर आहे, अक्का."

"त्यांनी साठवलीत कुपनं. माझ्यासाठीच साठवली असणार ना?"

निघायच्या सकाळी ती अंगणात उभी राहून बघत होती. मी आडणा टाकला, वर पाचर मारली, आणि सवयीनं सुतळीही बांधली. एका बोटानं दार ढकलून दाखवलं. "हलतंय का बघ," मी म्हणालो.

"न्हाई हलत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला तिचाही संशय आला.

पेणला या खेपेला वाफे नुकते भरले होते. अक्का काठावर बसली. तुम्ही असता तर "पुरे, ऊन लागंल," म्हणाला असता. मी तसं म्हणालो नाही. ती बराच वेळ बसली आणि आपणहून उठली.

येताना मी चालवत होतो. मागं फक्त अक्का. घाट चढताना मी कान मागं ठेवले होते. वळणं गेली, दार गप्प. शिंग्रोबाखालचं वळण आलं, दार गप्प. मी हुश्श केलं. इतक्यात मागच्या फळीवर टकटक झाली.

"दत्तू, दार उघडलं न्हाई."

"आज नीट लावलंय, अक्का."

"तार कुटं गेली?"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. देवळापाशी गाडी उभी राहिली. मी काही बोलायच्या आत मागून सुतळी कापल्याचा, पाचर आणि आडणा उपटल्याचा आणि मग तो ओळखीचा धाडकन आवाज आला. मी मागं धावलो. मोहरी सगळीकडे पसरली होती. अक्का तिच्या मधोमध फळीवर बसली होती, विळी बाजूला, रिकामा डबा मांडीवर.

"अक्का, तुला तार ठाऊक होती?"

"तेल कोण घालत होतं मग? एकदा अडकली तर ते वढून वढून घामाघूम झाले. तवापासून आमच्या डोक्याचंच तेल घातलं मी, निघायच्या आदल्या दिवशी."

मी बाकावर बसलो. तिनं खिडकीकडे बोट केलं. "हितनं सगळं दिसतं, दत्तू. खाली वाकायचं, एक दाणा उचलायचा, मान वर करायची. काखेत हात असला की म्हणायचं, अजून थोडी ऱ्हायली. हात खाली आला की झाकण लावायचं."

"म्हणजे सुपाऱ्या..."

"सुपाऱ्या लवकर वेचून व्हायच्या. लगेच गाडी चालू करायचे. म्हणून गुंड्या घेतल्या. या वर्षी गुंड्याबी पुरंनात."

दाजी, आमच्या कंपनीत राण्या रडल्या, राक्षस गरजले, पण तीन वर्षं "थोडीच ऱ्हायली" हे एकच वाक्य इतकं साधं म्हणणारं माणूस मी पाहिलं नाही. मी एवढा संशयी, तुमच्यावर, इंजिनावर, दारावर, शिंग्रोबावरसुद्धा संशय घेतला. डब्याच्या सैल झाकणावर मात्र नुसताच चिडलो.

"तू त्यांना नको का नाही म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं असतं तर घरी बसले असते," ती म्हणाली. "आणि खुर्चीत बसून दाराकडं बघत ऱ्हायले असते. मला मिठागरं बघायची होती, पण त्यान्ला ती मला दाखवायची होती. ते जास्त होतं."

मग तिनं मांडीवरचा रिकामा डबा बाजूला ठेवला. "चुकलं का रे माझं?"

जी गोष्ट तिच्यापासून लपवायला मी तार खिशात घालून हिंडत होतो, तीच ती कधीची उरात घेऊन बसली होती. मी खिशातून तार काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं मूठ हातात धरली, ती गुळगुळीत आहे हे अंगठ्यानं चाचपलं. "कानस मारलीय बघ," ती म्हणाली आणि हसली. तेच उत्तर तिला पुरलं असावं, कारण पुन्हा तिनं तो प्रश्न विचारला नाही.

मी मोहरी वेचायला खाली वाकलो. अक्कानं माझा हात धरला. तिनं बाकाच्या पाठीमागून, लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली केरसुणी काढली आणि दोन हातांत सगळी मोहरी झाडून डब्यात भरली. शिंग्रोबापाशी आमचं कधी एवढ्या लवकर आवरलं नव्हतं.

निघताना ती पायरीपाशी गेली, तुम्ही बसायचात तिथं चिमूटभर मोहरी ठेवली आणि परत आली. गाडीत चढताना मला म्हणाली, "दत्तू, मला ठाऊक होतं हे त्यान्ला कळू देऊ नकोस. लय हौसेनं वढायचे रे तार."

मी देवासमोर उभा राहून शब्द दिला. आणि घरी येऊन, तार टेबलावर ठेवून, हे लिहायला बसलो. आमच्यासारख्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा दाजी, एवढं करा. तुम्हाला कळलं हे तिला कळू देऊ नका.